मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा आतून कसा भरतो आणि घरी कधी काय सांभाळायचं

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत होतं, पेशंट त्याच दिवशी घरी येतो, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि बऱ्याच जणांना लगेच समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं, मग घरातल्या सगळ्यांना वाटतं की चला, झालं एकदाचं. पण डोळा त्या दिवशी भरून आलेला नसतो. बाहेरून शांत दिसतो, आत मात्र पुढचे पाच-सहा आठवडे बरंच काम चालू असतं, आणि त्या कामाला मदत होणार की अडथळा हे पुष्कळसं घरच्यांच्या हातात असतं. मी पुण्यात डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, ऑपरेशनच्या आधीची मोजमापं आणि नंतरच्या नंबरच्या तपासण्या माझ्याकडे असतात, आणि काका-काकू डॉक्टरांसमोर जे विचारायला संकोचतात ते माझ्या खुर्चीत बसले की विचारतात. त्या प्रश्नांवरूनच हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं विसरलात तरी ही लक्षात ठेवा. डोळ्याचा प्रत्येक भाग वेगवेगळ्या वेगानं बरा होतो. वरचा पातळ थर दोन-तीन दिवसांत सांधतो, कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेसारख्या भागाची, सूज काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत उतरते, आतली जळजळ शमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि छेद पूर्ण मजबूत व्हायला काही महिने. म्हणून "आज किती दिसतंय" ह्यापेक्षा "कालच्यापेक्षा आज कसं आहे" हे रोज विचारायचं. हळूहळू सुधारणं नॉर्मल आहे. सुधारलेलं परत मागं जायला लागलं तर ते नॉर्मल नाही, तेव्हा वाट बघायची नाही, सरळ दवाखान्यात फोन करायचा. आणि अर्थातच तुमच्या डॉक्टरांनी तुमचा डोळा बघून काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळायचं, कारण मी इथं सर्वसाधारण डोळ्याबद्दल लिहितेय.

डोळ्यात नेमकं काय केलेलं असतं

आपल्या डोळ्यातली नैसर्गिक लेन्स एका पारदर्शक, अतिशय पातळ पिशवीत असते. मोतीबिंदू म्हणजे ती लेन्स गढूळ होणं. हल्ली शहरात जास्त करून फेको पद्धतीनं ऑपरेशन होतं, त्यात कॉर्नियाच्या कडेला साधारण २.२ ते २.८ मिलिमीटरचा छेद घेतात, पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी करतात, अल्ट्रासाउंडनं गढूळ लेन्सचा चुरा करून ओढून घेतात आणि त्याच रिकाम्या पिशवीत घडी केलेली कृत्रिम लेन्स सोडतात, ती आत गेल्यावर उलगडते. टाका घालत नाहीत कारण छेद तिरका, बोगद्यासारखा घेतलेला असतो, डोळ्याच्या आतल्या दाबानं त्याची आतली झडप आपोआप मिटून बसते. शिबिरांमध्ये किंवा खूप कडक मोतीबिंदू असेल तेव्हा साधारण सहा-सात मिलिमीटरचा बोगदा डोळ्याच्या पांढऱ्या भागातून काढतात, तेही बहुतेक वेळा बिनटाक्याचंच असतं, फक्त लाली थोडी जास्त दिवस राहते आणि नंबर स्थिरावायला जरा वेळ लागतो.

हे सांगायचं कारण असं की आपल्या आजी-आजोबांच्या काळात दहा-बारा मिलिमीटरचा छेद असायचा, त्याला टाके असायचे, पेशंटला दिवसेंदिवस उताणं झोपवून ठेवायचे, मान हलवायची नाही, बोलायचं नाही, सगळं पातळ खायचं. त्या वेळी ते बरोबरच होतं. पण ते नियम अजून घराघरात फिरत असतात आणि त्यापायी लोक नको ती बंधनं पाळतात, आणि ज्याची खरोखर काळजी घ्यायला हवी ते राहून जातं.

ऑपरेशनच्या आधीच करून ठेवायच्या गोष्टी

थेंब कोण घालणार हे आधी ठरवा. एकट्या राहणाऱ्या आजींना रोज पाच-सहा वेळा थेंब घालायला शेजारच्या वहिनी येतील का, मुलगा हिंजवडीला जात असेल तर दुपारचे थेंब कोण घालेल, हे ऑपरेशनच्या दिवशी सुचत नाही. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी डोक्यावरून आंघोळ करून घ्या, कारण नंतर बरेच दिवस जमणार नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, किंवा पूर्वी कधी घेतलं असेल तरी, डॉक्टरांना नक्की सांगा, त्या औषधानं ऑपरेशनच्या वेळी बाहुलीचा पडदा ढिला पडतो आणि सर्जनला तयारीत राहावं लागतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या मनानं बंद करू नका. आणि रात्री-अपरात्री किंवा रविवारी लागला तर कोणता नंबर फिरवायचा तो विचारून घेऊन फ्रिजवर चिकटवा, ह्याचं महत्त्व पुढं कळेल.

पहिले २४ तास

भूल दोन प्रकारची असते, नुसत्या थेंबांची किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शनची. इंजेक्शनवालं असेल तर पापणी जड होते, काही तास एकाच्या दोन वस्तू दिसू शकतात, डोळ्यावर पट्टी असते. थेंबांवर केलं असेल तर बरेच जण पारदर्शक शील्ड किंवा काळा चष्मा लावूनच घरी येतात, पण बाहुली मोठी केलेली असल्यामुळे सगळं चकचकीत आणि पुसट दिसतं. दोन्ही नॉर्मल.

वाळू गेल्यासारखं टोचणं, पाणी येणं, जरा जरा दुखणं हे सगळ्यांना होतं. त्यातलं काही छेदामुळे असतं आणि बरंचसं ऑपरेशनच्या आधी जंतू मारायला डोळ्यात जे पोव्हिडोन आयोडीन सोडतात त्यानं वरचा थर थोडा चरचरतो त्यामुळे. डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल पुरते.

पण पहिल्या रात्री भुवईच्या वर जोरात डोकं दुखायला लागलं, मळमळलं, उलटी झाली तर त्याला पित्त समजून झोपू नका. ऑपरेशन करताना डोळ्यात एक जेल भरलेलं असतं, आतले नाजूक भाग सांभाळायला. शेवटी ते काढून टाकतात, तरी थोडं मागं राहू शकतं आणि डोळ्यातलं पाणी बाहेर जायच्या बारीक जाळीत अडकतं, मग डोळ्याचं प्रेशर चढतं. हे साधारण पहिल्या २४ तासांतच होतं, औषधानं उतरतं, पण कळवावं लागतं. काचबिंदू असलेल्यांनी तर हे अजिबात अंगावर काढू नये.

घरी येताना टू-व्हीलरवर मागं बसवून आणू नका, रिक्षा किंवा गाडी करा. झोपताना उताणं किंवा ऑपरेशन न झालेल्या कुशीवर.

दुसऱ्या दिवशी: पट्टी निघाल्यावर लख्ख का दिसत नाही

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, कारण शेजारच्या कुलकर्णी काकांना दुसऱ्याच दिवशी टीव्हीवरची खालची पट्टी वाचता आली आणि आपल्या बाबांना मात्र धुकट दिसतंय, म्हणजे काहीतरी बिघडलं असं वाटतं.

कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० पेशी. कॉर्नियात शिरणारं पाणी सतत बाहेर उपसत राहणं हे त्यांचं काम, त्यामुळेच कॉर्निया पारदर्शक राहतो. ऑपरेशनमध्ये अल्ट्रासाउंडचा धक्का, पाण्याचा प्रवाह, लेन्सचे फिरणारे तुकडे ह्यांचा त्या पेशींना मार बसतो, काही मरतात, बाकीच्या थोड्या वेळ सुस्तावतात, आणि मग कॉर्नियात पाणी साठून आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते तसं दिसतं. पेशी सावरल्या की पाणी उपसलं जातं आणि धुकं विरतं, कुणाचं दोन दिवसांत तर कुणाचं दोन आठवड्यांत. ह्या पेशी माणसात नव्यानं तयार होत नाहीत, शेजारच्या पेशी पसरून रिकामी जागा भरून काढतात, म्हणून त्या जपणं हे सर्जनचं मोठं काम असतं.

आता कुणाला जास्त सूज येते? ज्याचा मोतीबिंदू दगडासारखा कडक झालेला होता त्याला. तो फोडायला जास्त ताकद लागते, म्हणजे पेशींना जास्त मार. "पिकू द्या, मग काढू" हा सल्ला अजूनही दिला जातो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तो पाळणाऱ्यांनाच नंतर सगळ्यात जास्त दिवस धुक्यात काढावे लागतात. तसंच "थंडीतच करावं" ह्यालाही आता काही आधार नाही.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत डॉक्टर छेदातून पाणी झिरपतंय का, प्रेशर किती, कॉर्निया किती सुजलाय, डोळ्याच्या पुढच्या भागात जळजळीच्या पेशी किती तरंगताहेत आणि लेन्स जागेवर आहे का ते बघतात. टोरिक लेन्स, म्हणजे सिलिंडर नंबरही घालवणारी लेन्स, असेल तर तिची दिशाही बघतात, ती फिरायचीच असेल तर बहुतेक करून पहिल्या काही तासांतच फिरते. दिसतंय चांगलं म्हणून ही व्हिजिट चुकवायची नाही.

रंगांचंही सांगायला हवं. म्हातारपणी आपली लेन्स पिवळी-तपकिरी होत जाते आणि निळा उजेड अडवते, वर्षानुवर्षं हळूहळू झाल्यामुळे कळत नाही. ती निघाली की पांढरा शर्ट निळसर दिसतो, भिंतीचा क्रीम रंग एकदम पांढरा वाटतो. एकेक डोळा आलटून पालटून झाकून बघा, फरक स्पष्ट कळेल. क्लोद मोने ह्या फ्रेंच चित्रकाराचं १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यालाही रंगांच्या ह्या बदलाचा बराच त्रास झाला होता. मेंदू काही आठवड्यांत जुळवून घेतो, त्यासाठी औषध लागत नाही.

थेंब: ह्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो

साधारणपणे दोन किंवा तीन बाटल्या असतात आणि प्रत्येकीचं काम वेगळं. अँटिबायोटिक, बऱ्याचदा मॉक्सिफ्लॉक्सासिन, जंतूंसाठी, ते एक-दोन आठवड्यांत बंद होतं. स्टिरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन किंवा डायफ्लुप्रेडनेट, आतली जळजळ शमवायला. आणि नेपाफिनॅक, ब्रोमफिनॅक किंवा केटोरोलॅक ह्यातलं एखादं, हे मागच्या पडद्याला सूज येऊ नये म्हणून. कधी दोन औषधं एकाच बाटलीत असतात.

जळजळ का होते तेही समजून घ्या. डोळ्याच्या आतल्या पाण्यात रक्तातली प्रथिनं आणि पेशी सहसा येऊ दिल्या जात नाहीत, मध्ये एक पक्का अडसर असतो. ऑपरेशननं तो अडसर काही आठवडे ढिला पडतो, प्रथिनं झिरपतात, पांढऱ्या पेशी येतात, उजेड सहन होत नाही, डोळा लालसर राहतो. हा शरीराचा बरं करायचाच मार्ग आहे, पण डोळ्यासारख्या नाजूक जागी तो जास्त झाला तर नुकसान करतो, म्हणून स्टिरॉइडनं त्याला आवर घालायचा आणि अडसर परत घट्ट होईपर्यंत औषध हळूहळू कमी करत न्यायचं. खूप ठिकाणी पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार असं दर आठवड्याला एकेक कमी करतात, काही डॉक्टर चारपासून सुरू करतात, तुमच्या कागदावर असेल ते करा. दहाव्या दिवशी डोळा पांढराशुभ्र दिसतो आणि लोक थेंब बंद करतात, मग आठवड्याभरात परत लाल, दुखरा, उजेड नकोसा डोळा घेऊन येतात, कारण आतली जळजळ दबलेली होती, संपलेली नव्हती. उलट्या बाजूनं, "ह्या थेंबानं बरं वाटतं" म्हणून संपल्यावर मेडिकलमधून परत बाटली आणून महिनोन् महिने घालत राहणारेही असतात, आणि तेही धोक्याचं, काही लोकांचं डोळ्याचं प्रेशर स्टिरॉइडनं दोन-चार आठवड्यांत चढतं आणि त्यांना ते कळतही नाही.

घालायची रीत अशी. हात साबणानं धुवा, पुसा. प्रेडनिसोलोनची बाटली दुधाळ असते, ती हलवून घ्या, नाहीतर औषध तळाशी बसलेलं असतं आणि डोळ्यात नुसतं पाणी जातं. पेशंटला खुर्चीत मान मागं टेकवून किंवा पलंगावर उताणं झोपवून वर बघायला सांगा, खालची पापणी गालाच्या हाडावरून हलकेच खाली ओढा, डोळ्याच्या गोळ्यावर बोट दाबू नका, आणि तयार झालेल्या खाचेत एकच थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, कशालाच लागू द्यायचं नाही. एकापेक्षा जास्त थेंब टाकून काही फायदा नाही, डोळ्यात तेवढं मावतच नाही, उरलेलं गालावरून वाहून जातं. मग डोळा हलकेच मिटायचा, पिचकवायचा नाही, आणि नाकाशेजारचा कोपरा बोटानं एक-दोन मिनिटं धरून ठेवायचा म्हणजे औषध घशात उतरत नाही, घशात कडू चव येते ती ह्यामुळेच. दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचं तरी अंतर ठेवा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. उघडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्यायची आणि एकाची बाटली दुसऱ्याला वापरायची नाही, नवरा-बायको दोघांचं लागोपाठ ऑपरेशन झालं असेल तरी नाही.

थेंब विसरू नये म्हणून एक कागद भिंतीवर लावा, वेळा लिहा आणि घातला की खूण करा, मोबाइलच्या अलार्मपेक्षा ह्याचा जास्त उपयोग होतो कारण घरातल्या सगळ्यांना दिसतं. पापण्या चिकटल्या असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात निर्जंतुक कापूस भिजवून, पिळून, डोळा मिटलेला असताना आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसायचं आणि तो कापूस टाकून द्यायचा. गुलाबपाणी, मध, तूप, दूध, घरच्या काजळाचं बोट ह्यातलं काहीही डोळ्यात नको. अगदी काहीही नको.

पहिले पंधरा दिवस

छेदावरचा वरचा थर दोन-तीन दिवसांत सांधतो पण खालचा भाग अजून नुसता मिटलेला असतो, जोडलेला नसतो. डोळ्यावर दाब आला तर प्रेशर क्षणभर खाली-वर होतं, छेद किंचित उघडू शकतो आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. सगळं पथ्य ह्या एका कारणाभोवती आहे, ते कळलं की काय चालेल आणि काय नाही ते तुमचं तुम्हालाच ठरवता येतं.

म्हणून डोळा चोळायचा नाही, झोपेतही नाही, त्यासाठी रात्री प्लास्टिकचं शील्ड टेपनं लावून झोपायचं, किमान आठवडाभर. नळाचं पाणी डोळ्यात नको, तेव्हा आंघोळ गळ्याखालून, चेहरा ओल्या रुमालानं पुसून घ्यायचा, केस धुवायचे झाले तर सलूनमध्ये करतात तसं मान मागं टाकून दुसऱ्या कुणीतरी धुऊन द्यायचे. दाढी चालते, फक्त तोंडावर पाण्याचे हबके मारायचे नाहीत. जड बादली, गॅस सिलिंडर, नातवंडं उचलणं दोन आठवडे तरी नको. देवाला वाकून नमस्कार, सूर्यनमस्कार, शीर्षासन, प्राणायामातली भस्त्रिका आणि कपालभाती हे डॉक्टर सांगतील तोपर्यंत बाजूला, पण चपला घालायला क्षणभर वाकलात म्हणून घाबरायचं कारण नाही. शिंक आली तर ती दाबू नका, तोंड उघडं ठेवून शिंका. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल घ्या, कुंथणं टाळा. खोकला जास्त असेल तर सांगा, त्यावर औषध मिळतं.

खाण्यापिण्याचं पथ्य नाही. आंबट खाल्लं की पू होतो, वरणानं डोळा भरत नाही, भात बंद, हे सगळं सोडून द्या. उलट डाळ, उसळ, अंडी, दूध, भाज्या नीट खाल्ल्या तर जखम भरायला मदतच होते. डायबेटिस असेल तर साखर सांभाळणं हे एकच खरं पथ्य, आणि ऑपरेशन झालं म्हणून भेटायला येणारे जे पेढे आणतात त्याबाबतीत घरच्यांनी जरा कडक राहावं.

टीव्ही, मोबाइल, पेपर ह्यानं डोळ्याला काही इजा होत नाही. लोक महिनाभर पेपर न वाचता बसतात, उगाच. फार तर डोळा कोरडा पडून थकेल, मग मिटून बसायचं.

स्वयंपाकाचं विचारतात. गॅसपाशी उभं राहायला तीन-चार दिवसांनी हरकत नाही पण मिरचीची फोडणी, मसाला भाजणं, पापड तळणं दुसऱ्यांना करू द्या, खाटानं डोळ्यात पाणी आलं की हात आपोआप डोळ्याकडे जातो. झाडू मारणं, जळमटं काढणं नको.

आणि पुण्याची धूळ. जिकडं तिकडं खोदलेले रस्ते, मेट्रोची कामं, बांधकामं, त्यात दुपारचा वारा. बाहेर पडताना कडेनं बंद असलेला काळा चष्मा लावा, दोन-तीन आठवडे तरी. सकाळचं सारसबागेत किंवा सोसायटीच्या आवारात सपाटीवर चालणं आठवड्याभरात सुरू करता येतं, पर्वती आणि तळजाई चढायला डॉक्टरांचा होकार घ्या. गणपतीत ऑपरेशन झालं असेल तर मिरवणूक घरी टीव्हीवर बघा, गुलाल आणि गर्दीतला कुणाचा तरी कोपर, दोन्ही नकोत. पालखी पुण्यात असताना हौशीनं दर्शनाच्या रांगेत उभे राहणारे आजोबा असतील तर त्यांनाही एवढ्या वर्षी लांबूनच. दिवाळीत फटाक्यांचा धूर टाळा. पोहणं महिनाभर तरी नाही. गाडी चालवायची तर दोन्ही डोळ्यांनी मिळून पुरेसं दिसतंय, अंतराचा अंदाज येतोय आणि डॉक्टरांनी हो म्हटलंय, ह्या तिन्ही गोष्टी जमल्यावरच, आणि टू-व्हीलर त्याहून उशिरा, वाइझर पूर्ण बंद असलेल्या हेल्मेटनंच.

पांढऱ्या भागात रक्ताचा लालभडक डाग दिसला तर घरचे घाबरतात. दुखत नसेल आणि दृष्टी चांगली असेल तर ते वरच्या पातळ आवरणाखाली साठलेलं रक्त असतं, दोन आठवड्यांत पिवळसर होत जिरून जातं.

हे दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला

इन्फेक्शन डोळ्याच्या आत शिरणं हे ह्या ऑपरेशनमधलं सगळ्यात भयानक संकट. हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी होतं, आणि आता ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आतच अँटिबायोटिक सोडायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात त्यानं धोका जवळपास पाच पटींनी कमी झालेला दिसला होता. तरी कुणाला होईल ते सांगता येत नाही. बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात, खास करून तिसऱ्या ते सातव्या दिवसात होतं. डोळा आधी सुधारत असतो, मग अचानक दिसणं कमी होतं, दुखणं वाढतं, लाली वाढते, पापणी सुजते, कधी बाहुलीच्या खाली पांढरा थर दिसतो. काही जणांना दुखत नाही, नुसतंच धूसर होत जातं, म्हणून दुखत नाही हे बघून थांबू नका.

ह्यात तासांचा हिशेब असतो. डोळ्याच्या आत अँटिबायोटिकचं इंजेक्शन जितक्या लवकर पडेल तितकी नजर वाचण्याची शक्यता जास्त, नुसते थेंब वाढवून हे आटोक्यात येत नाही. शनिवार संध्याकाळ आहे, सोमवारी अपॉइंटमेंट आहेच, असा विचार कृपा करून करू नका. फ्रिजवरचा तो नंबर फिरवा. तुमचे सर्जन सापडत नसतील तर ससूनला किंवा महंमदवाडीच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी फोन करा आणि निघा, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं आणि दिसायचं कधीपासून कमी झालं हे पहिल्या वाक्यातच सांगा.

तसंच डोळ्यापुढं विजा चमकल्यासारखं होणं, अचानक खूप काळे ठिपके तरंगायला लागणं, बाजूनं पडदा सरकत येणं, हे मागचा पडदा सुटत असल्याचं लक्षण असू शकतं. ज्यांना पूर्वी मोठा मायनस नंबर होता त्यांना हा धोका जास्त, आणि तो महिन्या-वर्षांनीही येऊ शकतो.

आता ह्याच्याशी गल्लत होणारी एक साधी गोष्ट. काही जणांना कानाकडच्या बाजूला कमानीसारखी काळी सावली दिसते, किंवा दिव्याखाली डोळ्याच्या कडेला चमक हलते. ते कृत्रिम लेन्सच्या कडेवरून उजेड वळल्यामुळे होतं आणि काही आठवडे-महिन्यांत बहुतेकांचं जाणवेनासं होतं. फरक असा की ही सावली पहिल्या दिवसापासून असते आणि वाढत नाही. वाढत असेल तर तपासून घ्या.

तिसऱ्या आठवड्यापासून पुढं

आतमध्ये ह्या काळात ती पिशवी लेन्सभोवती आकसून बसते आणि लेन्स पक्की होते. लेन्स डोळ्याला चालेल ना, एक्स्पायरी किती, असं विचारतात. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे घुसले आणि तरी डोळ्यांनी फारसा त्रास दाखवला नाही हे हॅरोल्ड रिडले ह्यांच्या लक्षात आलं, त्यावरून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये पहिली कृत्रिम लेन्स बसवली. आजच्या लेन्स त्याच घराण्यातल्या, मऊ केलेल्या. त्या डोळ्यात आयुष्यभर राहतात, बदलाव्या लागत नाहीत.

चष्म्याचा नंबर चौथ्या ते सहाव्या आठवड्यात काढतात. छेद भरताना कॉर्नियाचा आकार थोडा थोडा बदलत असतो, आकसणाऱ्या पिशवीबरोबर लेन्सही किंचित सरकते, म्हणून दहाव्या दिवशी हट्टानं केलेला चष्मा महिन्यानं चुकीचा ठरतो आणि पैसे वाया जातात. साध्या मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराच्या लेन्सला लांबचं छान दिसतं पण वाचायला साधारण अडीच नंबरचा चष्मा लागतोच, ते ऑपरेशन बिघडल्याचं लक्षण नाही. मधल्या काळात पोथी वाचायला रेडिमेड चष्मा चालतो. मल्टिफोकलवाल्यांना, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स घेतलेल्यांना, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, ती कमी व्हायला काही महिने द्या.

दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनच्या मध्ये जे दिवस जातात ते मोठ्या नंबरवाल्यांना अवघड जातात. ऑपरेशन झालेला डोळा बिनचष्म्याचा, दुसरा मायनस सहा, मेंदूला दोन आकारांची चित्रं जुळवता येत नाहीत, चक्कर येते, जिन्याच्या पायरीचा अंदाज चुकतो. डॉक्टरांना सांगून दुसऱ्या डोळ्याची तारीख लवकर घ्या, तोपर्यंत जिन्यात कठडा धरून उतरा. पडण्याची भीती मला इथं इन्फेक्शनपेक्षाही जास्त वाटते.

चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसणं परत थोडं कमी झालं, डोळा पांढरा आहे, दुखत नाही, पण अक्षरं मधोमध पुसट किंवा वाकडी दिसताहेत, तर मागच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आलेली असू शकते. डायबेटिसवाल्यांना जास्त. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये लगेच कळतं आणि बहुतेकांची थेंबांनीच उतरते. दर दोन-तीन दिवसांनी चांगला डोळा झाकून दाराची चौकट, खिडकीचे गज बघायची सवय लावा, सरळ रेषा वाकडी दिसली तर कळवा.

कोरडेपणाबद्दल कुणी फारसं सांगत नाही आणि तक्रार मात्र सगळ्यांची असते. छेद घेताना कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे पापणी कमी लवते, अश्रू कमी सुटतात, संध्याकाळी डोळा खुपतो, आणि गंमत म्हणजे पाणीही येतं. नसा परत वाढायला तीन महिने लागू शकतात. डॉक्टरांना विचारून अश्रूंसारखे थेंब घ्या, पंख्याचा आणि एसीचा झोत तोंडावर नको.

महिन्या-वर्षांनी

"मोतीबिंदू परत आला" असं म्हणत येणाऱ्यांची मी रोज समजूत काढते. मोतीबिंदू परत येत नाही, यायला लेन्सच उरलेली नसते. पण पिशवीत चिकटून राहिलेल्या काही जिवंत पेशी हळूहळू पिशवीच्या मागच्या भिंतीवर पसरतात आणि ती गढूळ होते, कुणाची सहा महिन्यांत, कुणाची पाच वर्षांनी, कुणाची कधीच नाही. त्यावर याग लेसर करतात, पाच-दहा मिनिटांचं काम, खुर्चीत बसून, चिरफाड नाही, पट्टी नाही, पिशवीच्या मधोमध छोटी खिडकी होते आणि एक-दोन दिवसांत नजर मोकळी होते. नंतर थोडे दिवस काळे ठिपके तरंगतात. ऑपरेशननंतर पहिल्याच महिन्यात लेसरची घाई करायची नसते, आणि एकदा केलं की सहसा परत लागत नाही.

नंतर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून मागचा पडदा आणि प्रेशर तपासून घ्या, डायबेटिस किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टर सांगतील त्याहून लवकर. आणि ऑपरेशनच्या दिवशी लेन्सचं जे कार्ड देतात, ज्यावर लेन्सचं मॉडेल, पॉवर आणि स्टिकर असतो, ते मेडिक्लेमच्या कागदांबरोबर हरवू देऊ नका, फोटो काढून मुलांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे करायचं झालं तर पॉवर ठरवताना पहिल्या डोळ्याचा तो आकडा लागतो.